घोडेखडपाचा मासा

सर, तुमचा मासा मी पाहून आलो. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुलाकडे मुंबईला गेलो होतो. पट्टी सुटल्यावर सुनेने विचारलं, बाबा, आता पहिल्यांदा काय बघायचंय? मी म्हटलं, संग्रहालय. तिला वाटलं, म्हाताऱ्याला देवांच्या मूर्ती बघायच्या असतील. तिथे कपाटांच्या मागे एक खोली आहे, तिथल्या एका तरुण माणसाने रजिस्टर चाळून बरणी आणली आणि माझ्यासमोर ठेवली. मासा पांढराफटक पडलाय. दोन्ही डोळे एकाच अंगाला, तसाच वर बघत असलेला. आत जाड कागदाची चिठ्ठी आहे, पेन्सिलीने लिहिलेली, कारण शाई पसरते, हे तुम्हीच शिकवलंत. कधी धरला, कोणी धरला, कुठे धरला. अक्षर माझं. अर्धं शतक होत आलं, पण एक काना पुसला गेलेला नाही. ‘कुठे’च्या पुढे घोडेखडप लिहिलंय. सर, तो मासा घोडेखडपावर कधीच नव्हता, आणि ही चिठ्ठी लिहिली तेव्हाही मला ते माहीत होतं.

तुम्ही देशावरचे, जन्मात मासळी न चाखलेले. मालवणच्या हायस्कुलात शास्त्र शिकवायला आलात आणि पहिल्याच आठवड्यात छत्री घेऊन किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढतात तिथे उभे राहिलात. पाटीतल्या प्रत्येक माशाकडे छत्रीचं टोक करून ‘याला काय म्हणतात? आणि याला?’ ओढणारे गडी हसून बेजार. मास्तर खाणार नाही, विकणार नाही, मग हवंय कशाला? त्या वेळी मी नुकताच चित्रकलेचा शिक्षक म्हणून लागलो होतो. शाळेत तुम्हाला सगळे सर म्हणत, मला मात्र नुसतं मास्तर. मी सव्वीस वर्षांचा, बाप दर्यावर जाणारा, भाऊ दर्यावर जाणारे, मी एकटाच ब्रश धरून कोरडा राहिलेला. तुम्हाला मासे काढणारा माणूस हवा होता आणि मासे ओळखणाराही. दोन्ही एकाच माणसात मिळाल्यामुळे तुम्ही इतके खूश झालात की मला प्रयोगशाळेत नेऊन कपाटच उघडून दाखवलंत. लोणच्याच्या बरण्यांतून मासे, खेकडे, शंख, एक सापासारखी वेटोळं घातलेली वाम. दवाखान्याच्या डॉक्टरांकडून मागून आणलेलं फॉर्मलिन. दारूबंदीचे दिवस होते, शाळेत स्पिरिट आहे असं कोणीतरी कळवलं, तेव्हा हवालदार तपासाला आला होता. तो बरणी हुंगायला वाकला आणि आतल्या वामेशी त्याची नजरानजर झाली. पुन्हा फिरकला नाही. तुम्ही ही गोष्ट दर वर्षी नव्या वर्गाला सांगत होता, आणि दर वर्षी वाम थोडी लांब होत होती.

आमच्या घरी तुम्ही पहिल्यांदा आलात तो दिवस मला आत्ता दिसतो. आई मागच्या पडवीत विळीवर मासे कापते आहे, तुम्ही पाटावर बसलाय, धोतराचा सोगा वर धरून, आणि मांजर तुमच्याकडे बघतंय. ‘मास्तरांनू, खाऊचा नाय तर व्हया कित्याक?’ आई विचारते. तुम्ही म्हणता, ‘मावशी, मला याच्या पंखातले काटे मोजायचेत.’ आई विळीवरून मान वर करत नाही. ‘काटे खाताना मोजूचे असतत. एक गळ्यात अडाकलो काय गणित समाजता.’ तुम्ही खदखदून हसलात. मग तिला विचारलंत, तुम्ही माशांचे प्रकार कसे पाडता? तिने तिच्या पद्धतीने पाडून दाखवले: तापाच्या माणसाचे, बाळंतिणीचे, पावण्यांचे आणि मांजराचे. मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही मात्र वही काढलीत आणि ते चारही वर्ग तारखेसकट लिहून घेतलेत. परत जाताना मला म्हणालात, ‘अहो ड्रॉइंगमास्तर, लाजता काय? वर्ग पाडायला कसोटी लागते. तुमच्या आईकडे कसोटी आहे. आमची वेगळी, एवढंच.’

तुमची कसोटी मी हळूहळू शिकलो. माशाचं नाव दोन शब्दांचं. आधी घराण्याचं, मग त्याचं स्वतःचं. आपल्या हजेरीपटाच्या उलट, असं तुम्ही म्हणायचात. पृथ्वीवर त्या दोन शब्दांचा दुसरा प्राणी सापडायचा नाही. आमच्याकडे एकच मासा लहानपणी एका नावाचा, वाढला की दुसऱ्या, आणि वेंगुर्ल्याला गेलं की तिसऱ्याच. तुम्हाला ते सगळं आवडायचं, पण म्हणायचात की दूरच्या माणसाशी बोलायचं तर एक नाव ठरवावं लागतं, आणि ते एका ठरावीक माशाला बांधावं लागतं. तो मासा बरणीत, बरणीत चिठ्ठी, आणि चिठ्ठीत जागा. ‘चिठ्ठी नसली तर तो नुसता मेलेला मासा.’ हे वाक्य तुम्ही इतक्यांदा म्हटलंत की शिपाईसुद्धा म्हणायला लागला होता.

आणि तुम्ही एकदा माझ्यावर चिडलात. एकदाच. एका पापलेटाच्या शेपटीचा काटा जाळ्यात तुटला होता. मी चित्रात तो भरून काढला. खालच्या बाजूला होता म्हणजे वरही असणारच, आणि चित्र कसं देखणं झालं होतं. तुम्ही भिंग लावून मासा पाहिलात, चित्र पाहिलंत, आणि सरळ चार तुकडे केलेत. चार दिवसांचं काम होतं ते. ‘जे नाही ते काढायचं नाही. आज एक काटा मनाने काढलात, उद्या अख्खा मासा मनाने काढाल.’ मी तडक उठून गेलो, दोन दिवस प्रयोगशाळेकडे फिरकलो नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर तुमचं पितळी चौकटीचं भिंग, कागदात गुंडाळून. वर लिहिलेलं, ‘तुमचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत.’ ते भिंग तुम्हाला परवडणारं नव्हतं, आणि मला ते घेणं.

मग तो मासा आला. बाबांच्या जाळ्यात तीन लेपी आल्या होत्या. लेप म्हणजे जिभेसारखा चपटा मासा, आमच्याकडे कोणी त्याचं कौतुक करत नाही. पण या तिघींच्या खालच्या, आंधळ्या बाजूला फिकट वलयं होती, मी जन्मात पाहिली नव्हती तशी. आईने त्या मांजरासाठी बाजूला टाकल्या होत्या. ‘ही मांजराची. हिका चिखलाचो वास येता,’ ती म्हणाली. मी त्या केळीच्या पानात गुंडाळून सायकलवरून तुमच्याकडे आणल्या, आईचं बोलणंही सांगितलं, ते तुम्ही वहीत टिपलंत. तुम्ही आठवडाभर मोजत होता. खवल्यांच्या रांगा, पंखातले काटे, पुन्हा खवले. पुस्तकं मागवलीत, पत्रं लिहिलीत. आणि एका दुपारी मधल्या सुट्टीत मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणालात, ‘ही कोणाच्याच यादीत नाही हो.’ मग तुम्ही विचारलंत, ‘वडिलांना ही नक्की कुठे मिळाली?’

सर, आता तुम्हाला आमची एक रीत सांगायला हवी, जी तेव्हा सांगायची मला लाज वाटली. समुद्राच्या तळाशी चिखलाची एक खोलगट जागा होती, खळी म्हणत तिला. आमच्या आजोबांनी ती शोधली, आणि आमच्या घराशिवाय ती कोणाला ठाऊक नव्हती. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत आणायच्या, मग दुसऱ्या दोन, आणि जिथे रेषा मिळतील तिथे जाळं सोडायचं. ‘आपलो जागो कोणाक सांगूचो नाय. बायकोक सुद्धा नाय,’ बाबा सांगायचे. आणि किनाऱ्यावर कोणी विचारलं, खंय गेल्लात रे, तर उत्तर ठरलेलं, ‘घोडेखडपार.’ घोडेखडप म्हणजे खाडीच्या तोंडाजवळचा तो काळा खडक, जो तुम्हाला शाळेच्या गच्चीवरून दिसायचा. तिथे सगळेच जात आणि तिथे कोणाला काही मिळत नसे. विचारणाऱ्यालाही ठाऊक असायचं की हे उत्तर नव्हे, कसा आहेस म्हटल्यावर बरा आहे म्हणतात, तसलंच हे. पण तुम्ही देशावरचे. मी म्हटलं, ‘घोडेखडपावर,’ आणि तुम्ही ते वहीत उतरवलंत.

सांगता येत नाही, एवढं म्हणायला माझी जीभ झडली असती का? तुम्ही ‘मालवणजवळ’ असं लिहून भागवलं असतंत. पण शिकलेल्या माणसापुढे आमचे लोक लपवाछपवी करतात असं दिसू नये, एवढाच माझा सोस. तुम्ही वहीची मागची पानं चाळून विचारलंत, ‘पण मावशी तर म्हणाल्या चिखलाचा वास. घोडेखडपाभोवती रेती ना?’ आणि मी, ज्याचं चित्र तुम्ही जे नाही ते काढलं म्हणून फाडलं होतंत, मी न अडखळता म्हणालो, ‘भरतीला खाडीचा चिखल येतो तिथे.’ तुम्ही मान डोलावलीत. मग मला कागद दिलात, तुमचं अक्षर छान, तुम्ही लिहा म्हणालात. मी पेन्सिलीला टोक करून लिहिलं.

त्यानंतर नावाचं ठरलं. मुख्याध्यापकांची इच्छा होती की शाळेच्या संस्थापकांचं नाव द्यावं. तुमचं स्वतःचं द्यायचं नसतं, तो संकेतच. तुम्ही म्हणालात, मासा जिथला, त्या जागेचं द्यायचं. आणि लॅटिनच्या साच्यात घालून तुम्ही माशाचं नाव घोडेखडपावरून पाडलंत. फळ्यावर लिहून मला दाखवलंत. मी विचारलं, ‘पुढे बदलता येतं का?’ तुम्ही हसलात. ‘छापलं की संपलं. चुकलं तरी बदलत नाही. एका फुलाला तर अशा देशाचं नाव आहे, जिथे ते कधी उगवलंच नाही. कोणीतरी जागेची चूक केली, आणि फूल बिचारं जन्माचं अडकलं.’ तुम्हाला ती गंमत वाटत होती. त्या क्षणी सांगायला हवं होतं. फळा पुसायला डस्टर तुमच्या हातातच होतं.

मुंबईहून तुमचा लेख छापलेला अंक आला त्या दिवशी तुम्ही शिक्षकांच्या खोलीत पेढे वाटलेत. मी घरी जाऊन बाबांना सांगितलं. ते जाळं विणत बसले होते, आधी मोठ्याने हसले. ‘घोडेखडपार लेप? थंय कुर्ली गावली तरी नशीब!’ मग त्यांचा हात थांबला. ‘छापून इला?’ मी हो म्हटलं. त्यांनी जाळं बाजूला सारलं. ‘मगे आता गप रव. जागो भायर गेलो तर भावांच्या पोटार पाय येतलो.’ ते खोटं नव्हतं. दोन्ही भावांची घरं त्या खळीवर चालत होती. मी मूग गिळून बसलो, आणि त्या दिवसापासून ते गिळलेले मूग माझ्या गळ्यातच आहेत.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण माझ्या बाजूने माहीत नाही. मुंबईचे ते मोठे तज्ज्ञ आणखी लेपी शोधायला आले, दोन वर्षं पावसाळा सरल्यावर आले. चांगला माणूस होता, तुमच्यासारखाच चिकाटीचा. आमच्याच किनाऱ्यावरची होडी ठरवून घोडेखडपाभोवती जाळी टाकत राहिला. ती होडी वल्हवायला माझा थोरला भाऊ होता, सर. तो रोज तोंडावरची माशी न हलवता तिथे जाळं सोडायचा आणि रोज रिकामं ओढायचा. अख्ख्या किनाऱ्याला ठाऊक होतं की लेप तिथली नव्हे, आणि एकाने तोंड उघडलं नाही, कारण उद्या आपल्या जागेवर वेळ आली तर? मग त्यांचं टिपण छापून आलं. तुम्ही ते प्रयोगशाळेत मला मराठी करून वाचून दाखवलंत, एकेक शब्द सावकाश. स्थळ संशयास्पद. नमुना बहुधा मासळीबाजारातून मिळवलेला. तुम्ही अंक मिटलात आणि विचारलंत, ‘वडिलांना तुम्ही नक्की विचारलं होतंत ना?’ रागावून नव्हे, हजेरी घ्यावी तसं. मी म्हटलं, ‘होय.’ तुम्ही त्याच दिवशी मुंबईला उत्तर लिहिलंत, आणि मी ते टपालात टाकलं. त्यात लिहिलं होतंत की माझ्या सहकाऱ्याच्या शब्दावर माझा माझ्या डोळ्यांइतका विश्वास आहे.

ते उत्तर त्यांनी छापलं नाही. त्यानंतर तुम्ही किनाऱ्यावर जायचं सोडलंत. बरण्यांवर जुनं वर्तमानपत्र पांघरलंत, वर्गात वामेची गोष्ट थांबली. तुम्ही पुस्तकातून शिकवायला लागलात, धडा तिसरा, प्रश्न पहिला. मुलांना फरक कळला नाही, मला कळत होता. मग तुम्ही कणकवलीच्या शाळेत गेलात, दमट हवा सोसत नाही म्हणून. जाताना माझा हात हातात घेऊन म्हणालात, येत जा.

आतापर्यंत मी सगळं बाबांच्या माथी मारत आलो. बायकोलाही असंच सांगितलं होतं: बापाचा शब्द, भावांचं पोट, मी काय करणार? पण सर, साठ सालानंतर इंजिनाच्या बोटी आल्या. त्यांना खुणाबिणा लागत नव्हत्या, तळ खरवडत सगळीकडे फिरायच्या. दोन वर्षांत खळी साफ झाली. आणि एका सकाळी बाबा माझ्या शाळेत आले. कधी न येणारा माणूस, फाटकाबाहेर टोपी हातात घेऊन उभा. म्हणाले, ‘खळयेत आता काय रवला नाय. इंजिनवाल्यांनी सगळा खरवडून नेल्यानी. जा, सांग तुझ्या मास्तराक. बिचारो माझ्यापायी खोटो पडलो.’ सांगायला म्हणून ते चालत आले होते, तब्येत बरी नसताना. तुम्ही तेव्हा जिवंत होता.

मी त्याच रविवारी एस.टी.ने कणकवलीला आलो. तुमच्या बहिणीने दार उघडलं, दम्याने तुम्हाला उठवत नव्हतं. खिडकीशी टेबल, टेबलावर बशी, बशीत आपल्या तीन लेपींपैकी एक. तुम्ही पुन्हा मोजत होता, सर. एवढ्या वर्षांनी. ‘बरं झालं आलात,’ तुम्ही म्हणालात, ‘तुमचे डोळे चांगले आहेत, जरा मोजा बरं. मी तीनदा मोजले, तीनदा वेगळे आले.’ मी मोजले. तुमच्या छापील आकड्यांत एकही चूक नव्हती, तसं मी सांगितलं. तुम्ही मान हलवलीत. ‘नाही हो. तुम्ही जागा बरोबर सांगितलीत, म्हणजे चूक माझ्याकडेच. मीच कुठेतरी साध्या माशाला नवा समजलो असेन.’ माझ्या तोंडाशी आलं होतं, शपथ घेऊन सांगतो. तुमच्या बहिणीने पोहे आणले. तुम्ही विचारलंत, वडील कसे आहेत, मासळी मिळते का हल्ली? मी म्हटलं, इंजिनाच्या बोटींमुळे कमी झाली. चित्रकलेच्या परीक्षांबद्दल बोललो. फोंडाघाटात दरड कोसळून रस्ता अडला होता, त्याबद्दल बोललो. तीन तास बसलो, आणि संध्याकाळच्या गाडीने परत आलो. जागा लपवायची आता कोणालाच गरज नव्हती. फक्त मी ‘होय’ म्हटलं होतं, आणि ते ‘नाही’ होतं, एवढंच सांगायचं होतं, आणि तेवढं माझ्याने झालं नाही. दिवाळीच्या सुट्टीआधी तुम्ही गेलात. स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास ठेवून गेलात, आणि माझ्या शब्दावर विश्वास.

बाबांनी नंतर विचारलं, ‘सांगलंस मा?’ मी त्यांनाही होय म्हटलं.

परवा त्या तरुण माणसाने रजिस्टर माझ्यापुढे फिरवलं. घोडेखडपाच्या पुढे कोणीतरी लाल शाईने प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय. ‘आजोबा, तुम्हाला या माशाबद्दल काही माहिती आहे का?’ मी म्हटलं, मी फक्त चित्र काढलं होतं. तरी त्याने स्वतःचा पत्ता घातलेलं पाकीट दिलं, काही आठवलं तर लिहा म्हणाला. त्याला पत्र लिहायला म्हणूनच आज सकाळी बसलो होतो. वर ‘सर’ लिहिलं, आणि हात तुमच्याकडे वळला. तर निदान तुम्हाला सांगतो. देवळाचा कळस टेकडीवरच्या उंडीच्या झाडाखाली आणायचा, किल्ल्याचा दक्षिणेकडचा बुरूज समोरच्या बेटाच्या टोकाला लावायचा, आणि त्या दोन रेषा मिळतात तिथे, तेवीस वाव खोल पाण्यात. लेप तिथली. मासा नवाच होता, सर. तुमचं मोजणं बरोबर होतं.

हे त्या मुलाला लिहिलं तर तो लाल प्रश्नचिन्ह खोडेल, आणि कोणाकडून कळलं ते माझ्या नावानिशी छापेल. पाकीट समोर आहे, त्यावर तिकीटही चिकटवलंय. तुम्हाला चार पानं भराभर लिहून झाली. त्याचा कागद अजून कोराच आहे.